केळीखालची ओल

चैत्र सरत आला की धुळ्यात ऊन अंगावर धावून येतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी केळीवाला हातगाडी लावतो, गोणपाट भिजवून केळ्यांवर पसरतो, आणि त्या ओल्या गोणपाटाचा वास माझ्या खिडकीपर्यंत येतो. आखाजी आली म्हटलं की लोकांना आमरस आठवतो, सांजोऱ्या आठवतात, निंबाला टांगलेले झोके आणि त्यावरची गाणी आठवतात. मला आधी आठवतो तो माझा हेवा. माणसं म्हातारी होतात, गुडघे जातात, कान जातात, पण हेव्याचे दात काही पडत नाहीत. निदान माझ्या तरी नाही पडले.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात या सणाला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात आणि पावसाची चाहूल लागेपर्यंत पाय पसरून राहतात. स्वातंत्र्य येऊन थोडी वर्षं झाली होती, एस.टी. अजून नवलाईची होती, तेव्हाची ही गोष्ट. मी आठ-नऊ वर्षांची असेन. आमचं गाव शिंदखेड्याजवळ. काळी ढेकळं, कपाशी, ज्वारी, आणि वर ऊन. सावली म्हणावी तर एका निंबाची, तीही दुपारी खोडाशी अंग चोरून बसायची. उन्हाळ्यात विहिरीत पोहरा सोडला की पाण्याआधी खडकाचा आवाज यायचा. माय मला घेऊन रेल्वेनं भुसावळला जायची आणि तिथून तापी ओलांडून यावलकडे, तिच्या भावाच्या गावी. तापी ओलांडली की मायची चाल बदलायची, बोली बदलायची. घरी वडिलांशी ती अहिराणी बोलायची, 'आहे'ला 'शे' आणि 'सगळं'ला 'बठ्ठं' म्हणायची. इकडे आली की मळ्याचा 'मया' व्हायचा, केळीची 'केयी' व्हायची, आणि चेहऱ्यावरची वर्षं भराभर उतरायची. माझ्या घरी ती इतकी तरुण कधीच दिसत नसे. मला त्याचा राग यायचा.

मामाचा केळीचा मळा गावाला लागूनच होता. बाहेर ऊन फुफाट्यासारखं असायचं आणि मळ्यात पाऊल टाकलं की पायाखालची जमीन गार, मऊ, ओली. डोक्यावर पानांवर पानं. वाळलेला पाला पायाखाली कुजत असायचा, त्याचा आंबूस वास. मामानं त्याच वर्षी विहिरीवर इंजिन बसवलं होतं. ते भकभक करत पाणी उपसायचं आणि पाटानं पाणी मळाभर फिरायचं. आमच्या घरी अंघोळीला तांब्या-तांब्यानं पाणी मिळायचं, आणि इथं केशर दिवसभर पाटात पाय सोडून बसायची. तिला कोणी काही म्हणत नसे. पाण्यात पाय सोडून बसणं ही तिची वहिवाट होती.

केशर म्हणजे मामाची मुलगी. माझ्याच वयाची. नाव बघा, केशर! माझं नाव द्रुपदा, आजीच्या नावावरून ठेवलेलं, आणि हाक मारताना त्याचं धुरपी व्हायचं. 'केशरबाई, या जेवाले,' असं माय तिला म्हणायची, आणि मला, 'ए धुरपे, चाल.' एकाच तोंडातून निघालेल्या या दोन हाका मी रोज ऐकायची आणि रोज जळायची.

तिचं पोट गोल होतं. लहानशा घागरीएवढं. झग्याची बटणं तिथं ताणली जायची. हात-पाय काड्या, गालावर फिकट पांढुरके डाग, पण पोट मात्र सावकाराचं. गावातल्या बाया त्या पोटावरून हात फिरवायच्या. माय तर मांडीवर घेऊन त्यावर थापट्या मारायची आणि म्हणायची, 'खात्यापित्या घरची पोर हाये माह्या भावाची!' मग तिचं लक्ष माझ्याकडे जायचं. माझं पोट पाठीला लागलेलं. 'आन हे आमचं वाळवन,' असं ती म्हणायची आणि मामी हसायची. तिनं ते मायेनंच म्हटलं असेल. पण मी रात्री अंथरुणात श्वास ओढून पोट फुगवून पाहायची, आणि श्वास सुटला की ते पुन्हा खाली जायचं.

माहेरी आलेल्या लेकीनं भावाच्या लेकीचा मान ठेवायचा, असा मायचा नेम होता. 'पह्यले भाची, मंग लेक.' आमरसाची पहिली वाटी केशरला. खापरावरची पहिली पुरणपोळी केशरला. वेणी आधी तिची. झोक्यावर आधी ती. झोका मामानं मळ्याच्या बांधावरच्या आंब्याला बांधला होता. केशर बसायची, मी ढकलायची, आणि माय खाली बसून गौराईची गाणी म्हणायची. केशरची पावलं उन्हात जाऊन पुन्हा सावलीत यायची. माझी पाळी येईपर्यंत इंजिन बंद व्हायचं, कोणीतरी हाक मारायचं, आणि झोका रिकामा हलत राहायचा.

'माय, माझी पाळी कधी?' मी एकदा विचारलंच.

'तुले काय, तू घरचीच हाये,' माय म्हणाली. 'आपून इथं पाव्हने. भाचीचा मान पह्यला.'

म्हणजे इथं मी पाहुणी होते आणि घरचीही होते, आणि दोन्हीकडून मागंच होते. हा हिशेब मला आजवर सुटलेला नाही.

पाटाचं एक सांगायला हवं, कारण सगळं तिथंच होतं. मळ्याच्या वरच्या अंगाला, विहिरीपाशी, पाटाच्या काठानं पोरं बसायची. म्हणजे सकाळचा विधी. आडोसा होता, सावली होती, आणि हात लांबवला की पाणी. मामाच्या घरी पोरांचा सुकाळ होता, सालदारांची पोरंही होती. सगळी एका रांगेत पाटाकाठी. आमच्याकडे त्याच कामाला तापलेल्या नाल्यात, पाय भाजत, लांब जावं लागायचं. मला तर ती सोयही श्रीमंती वाटायची. त्याच पाटाच्या खालच्या अंगाला मामीनं कोथिंबीर लावली होती, मुळे लावले होते. केळीच्या सावलीत ते भर उन्हाळ्यातही हिरवेगार. दुपारी माय तिथं जायची, मुळा उपटायची, पाटाच्या पाण्यात खळखळ धुवायची आणि तिथंच मोडून द्यायची. पहिला तुकडा केशरला.

'पानी वाह्यतं हाये ना,' माय म्हणायची, 'वाह्यत्या पान्याले विटाळ नाही.'

हे तिच्या आईनं तिला सांगितलं होतं, आणि तिच्या आईला तिच्या आईनं. वाहतं पाणी शुद्ध. त्या वाक्यावर साऱ्या गावाचा मळा पिकत होता. पाणी येतं कुठून आणि वाटेत कोणाला भेटून येतं, हे कोणी विचारलं नाही. मीही त्या मुळ्याचा तुकडा मिळावा म्हणून हात पसरून उभी असायची, आणि दुसरा तुकडा मिळाला म्हणून रुसायची.

केशर माती खायची. पाटाचा गाळ उन्हाला धरून वाळला की त्याच्या पातळ पापड्या उचलायच्या. त्या ती जिभेवर ठेवायची आणि डोळे मिटायची. मामी ओरडायची, पाठीत धपाटा घालायची, पण त्या ओरडण्यात धार नसायची. एवढी पोरं असलेल्या घरात कोणाकोणाच्या तोंडाकडे पाहणार? मलाही एकदा तिनं पापडी दिली. मी खाल्ली. मातीच लागली. पण केशरच्या तोंडाकडे पाहून वाटलं, तिच्या वाट्याची माती चवदार असावी.

एके सकाळी ती धावत येऊन माझ्या कानाला लागली. तिच्या पोटातून जंत पडला होता. 'येवढा!' तिनं वीत पसरून दाखवली. 'गांडुयासारखा. हालत होता.' तिच्या डोळ्यांत भीती नव्हती, ऐट होती. आणि खरं सांगते, माझ्या पोटात काहीच नाही याचं मला त्या क्षणी वाईट वाटलं. मामीनं बातमी ऐकली, 'गोड खाते ना लई, मंग होतीनच,' एवढं म्हणाली आणि पीठ मळत राहिली. मायनं मात्र वावडिंग कुटलं, गुळात गोळी वळली आणि केशरला मांडीवर घेऊन भरवली. गुळाची गोळी! मी म्हटलं, मलाही जंत झालेत. माय म्हणाली, 'तुले? तुह्या पोटात जंताले बसाले जागा तरी हाये का?' सगळं घर हसलं. केशर माझ्याकडे बघत बोटं चाटत होती. तिच्या नखांखाली काळी रेघ होती, आणि गुळानं ती चकाकत होती.

परवा माझी नात शाळेतून आली आणि म्हणाली, 'आजी, आज सगळ्यांना गोळी दिली, चघळायची. गोड होती.' मी तिला विचारलं, कसली? 'जंताची,' ती म्हणाली, आणि दप्तर फेकून खेळायला गेली. इतकं सोपं. वर्गातल्या सगळ्यांना एकदम, आधी कोण नि मग कोण हा प्रश्नच नाही. मी बराच वेळ तिच्या दप्तराकडे पाहत बसले होते. सुनेला वाटलं, मला चक्कर आली.

आखाजी होऊन गेली होती. लेकी परतायला लागल्या होत्या. आमचंही जायचं ठरत होतं आणि मी आतून खूश होते, कारण तापी ओलांडली की माय पुन्हा माझी एकटीची होणार होती. त्याच दिवसांत केशरचं पोट दुखायला लागलं. आधी कोणी मनावर घेतलं नाही. तिचं पोट नेहमीच दुखायचं, बेंबीभोवती हात धरून ती बसायची आणि थोड्या वेळानं पळायची. या वेळी ती पळाली नाही. तिला उलट्या झाल्या. पोट आणखी फुगलं आणि कडक झालं, मायनं थापटी मारली तर ती किंचाळली. मामीनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. 'कोनाची तरी नजर लागली माह्या पोरीच्या पोटाले,' ती म्हणाली, आणि चुलीत मिरच्या टाकल्या. मी कोपऱ्यात उभी होते. त्या पोटावर गावात सर्वांत जास्त नजर कोणाची होती हे मला पक्कं ठाऊक होतं. कोणाला सांगावं तर काय सांगावं?

एरंडेल पाजलं, शेक दिला, भगताचा अंगारा लावला. यात दोन-तीन दिवस गेले. मग यावलच्या डॉक्टरनं पोटाला हात लावला आणि नुसतंच म्हणाला, जळगावला न्या, आत्ताच्या आत्ता.

केळीचे घड भरून निघालेला एक ट्रक मिळाला. मागं हिरव्या पानांवर केशरला निजवलं. मायनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. मामा पुढं बसला. मामीचं तान्हं अंगावर होतं, म्हणून ती मागं राहिली. आणि मला कोणाजवळ ठेवायचं हे ठरायच्या आत मी ट्रकवर चढून बसले होते. वाटेत धूळ उडत होती. माय पदरानं केशरवर सावली धरून होती, वारा फिरला की पदर फिरवत होती. माझ्या डोक्यावर ऊन होतं. केशर कण्हत होती, हे मला दिसत होतं, ऐकू येत होतं; आणि तरीही तो पदर मला दिसत होता. दोन्ही एकदम दिसतात माणसाला. लोक म्हणतात दिसत नाहीत, पण दिसतात.

जळगावच्या दवाखान्यातले डॉक्टर वयस्कर होते, सावकाश बोलायचे. त्यांनी पोट तपासलं, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, तळहात उलटे केले, आणि नखांपाशी थांबले. मग त्यांनी मामाला विचारायला सुरुवात केली. कुठं दुखतं, कसं दुखतं हे नाही. भलतंच.

'बाग आहे?'

'केयीची हाये, साहेब,' मामा म्हणाला. इतक्या काळजीतही त्याची पाठ जरा ताठ झाली.

'सावली?'

'भर दुपारी कंदील लावा, येवढी.'

'पाणी?'

'बारमाही. यंदा इंजिन बशिवलं.'

'म्हणजे जमीन ओलीच असते. उन्हाळ्यातही.'

'कधीच वायत नाही, साहेब. ढेकूळ म्हनून सापडनार नाही.'

'खत कोणतं घालता?'

'सोनखत, मान्साच्या मैल्याचं,' मामा म्हणाला. 'गावाच्या खड्ड्यातून गाडीनं आनतो. पोटाले चिमटा घेतो, पन बागेले कमी करत नाही. तुमी या एकदा पाहाले.'

'आणि पोरं बसतात कुठं?'

'बागेतच. पाटाकाठी. लांब जा लागत नाही.'

'भाजीपाला?'

'तोही तथीच, पाटाच्या खाली. विकत घ्या लागत नाही.'

'पोरं किती घरात?'

मामा कसनुसा हसला. 'देवाच्या दयेनं घरभर हायेत.'

मामानं प्रत्येक उत्तर असं दिलं होतं, जणू पोरीच्या सोयरिकीला स्थळ पाहायला आलं आहे. आणि मी, दाराशी उभी राहून, ऐकत होते. सावली, पाणी, ओल, घराजवळची सोय, हिरवा मुळा. माझ्या हेव्याच्या जिनसा एकेक करून मामाच्या तोंडून बाहेर पडत होत्या आणि त्या म्हाताऱ्या माणसाचा चेहरा दर जिनसेगणिक उतरत होता.

मग त्यांनी सांगितलं. जंतांची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. ती पोरांच्या पोटातून जमिनीवर पडतात, ओल आणि सावली मिळाली की महिनोन् महिने जगतात. पाटाचं पाणी त्यांना खाली नेतं, भाजीवर बसवतं; माती खाल्ली, नखांत गेली, हात न धुता घास घेतला, की पुन्हा पोटात. एका पोराचं दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला. 'पोट मोठं दिसतं, पण आत जेवण दुसरेच जेवतात,' ते म्हणाले. केशरच्या आतड्यात जंतांचा गोळा अडकला होता. पोट उघडावं लागणार होतं.

'वाह्यतं पानी होतं, डाक्टरसाहेब,' माय म्हणाली. आवाज तिचा नव्हता. 'म्या धुवूनच देल्ला मुया.'

डॉक्टरांचं लक्ष माझ्याकडे गेलं. 'ही कुठली?'

'माही. शिंदखेड्याकडची,' माय म्हणाली.

त्यांनी माझी पापणी ओढली, पोट दाबलं, पाठीवर हात ठेवला. 'तुमच्याकडे ऊन फार,' ते म्हणाले. 'जमीन भाजून निघते. तिथं ती अंडी टिकत नाहीत. नशीबवान आहे पोरगी.' मला पहिल्यांदाच कोणी नशीबवान म्हणत होतं. आणि केशरला बाधली ती माझी नजर नव्हती, पाट होता, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी मायकडे वळले, तिनंही ऐकलं का ते पाहायला. ती केशरचे पाय चोळत होती.

नर्सबाईनं सांगितलं, नखं काढून ठेवा, स्वच्छ करायची आहेत. शेजारच्या खाटेवाल्याकडून मायनं ब्लेडचा अर्धा तुकडा मागून घेतला. केशरचा हात मांडीवर घेऊन ती एकेक नख कापू लागली, इतकं हलकं, की केशरला झोप लागल्यासारखी झाली. खिडकीतून ऊन येत होतं. मी खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि माझाही हात पुढं केला. माझ्या नखांतही काळं होतं. डॉक्टरांनीच म्हटलं होतं ना, सगळं नखांत असतं?

माय मान वर न करता म्हणाली, 'थांब. पह्यले भाची, मंग लेक.'

मी हात तसाच ठेवला. उजव्या हाताचा अंगठा तेवढा राहिला होता, तेव्हा केशरनं एकदम अंग ताठ केलं आणि तिला हिरवी उलटी झाली. माणसं धावली. चाकाची खाट आली, तिला उचललं, नेलं. माय हातात ब्लेड धरून तशीच दारापर्यंत गेली. दार लागलं. मामा भिंतीला टेकून खाली बसला.

केशर परत आली ती पांढऱ्या चादरीत. माय चादर वर करून तिचा हात शोधत होती. मामानं तिला ओढून बाजूला घेतलं.

माझा हात त्या दिवशी तसाच राहिला.

पुढचं सांगण्यासारखं म्हणाल तर आमच्या गावचं आहे. तापी ओलांडून आम्ही परत आलो, पण माझी माय काही माझी एकटीची झाली नाही. तिनं घरात नवे नेम काढले. जेवायच्या आधी राखेनं हात घासायचे. मुळा, कोथिंबीर, काही असो, उकळून गार केलेल्या पिण्याच्या पाण्यानं धुतल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही; ज्या गावात पिण्याचंच पाणी नव्हतं तिथं! मला चपला घेतल्या. पोरीच्या पायात चपला पाहून गल्ली हसली. मग तिनं वडिलांच्या मागं लागून परसात खड्ड्याचा संडास खोदवला. गावात तोवर तसला प्रकार कोणी पाहिला नव्हता. वडील घामाघूम होऊन खड्ड्यातून डोकं वर काढून म्हणाले, 'हाई काय खूळ शे तुनं? बठ्ठं गाव हासी राह्यनं.' माय म्हणाली, हसू द्या.

आणि दर रविवारी सकाळी ओट्यावर बसवून ती माझी नखं काढायची. वडिलांच्या दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा. माझा हात हातात घेण्याआधी ती जराशी थांबायची. ब्लेड बोटांत, नजर खाली, नुसती बसून. दुसऱ्या कोणाचं तरी काम उरकतंय आणि आपण वाट पाहतोय, अशी. मला ते थांबणं कळायचं. माझ्या शेजारी ओट्यावर कोण बसलेलं असायचं हेही कळायचं. ती राख, त्या चपला, तो संडास, ते उकळून गार केलेलं पाणी, सगळं मला मिळालं. पण ते माझ्यासाठी नव्हतं. ज्या पोरीसाठी होतं, तिला आता त्याचा उपयोग नव्हता, म्हणून उष्ट्या ताटासारखं माझ्याकडे आलं होतं. शेजारणी म्हणायच्या, काय नशीब काढलंस गं, अशी जपणारी माय! मी मान डोलवायची.

जिवंत माणसाशी बरोबरी करता येते. केशर जगती तर मोठी झाली असती, भांडखोर निघाली असती, लग्नात मानपानावरून रुसली असती, मायनंच एखाद्या दिवशी तिला नावं ठेवली असती. पण ती आठ-नऊ वर्षांचीच राहिली, गोल पोटाची, केशर नावाची. मला मुलं झाली, माझे केस पिकले, आणि तिच्या झग्याची बटणं अजून तिथंच ताणलेली. आखाजीला माय आमरसाची पहिली वाटी भरायची आणि ती थोडा वेळ कोणापुढंच ठेवायची नाही. माझी मुलं विचारायची, 'आजी, ही कोणाची?' मी म्हणायची, खा रे, तुमचीच. माझ्या आवाजाला धार असायची, मुलांना वाटायचं त्यांच्यावरच रागावले.

मामाचा मळा पुढंही होता. मी लग्नानंतर एकदा गेले होते. केळी तशीच, इंजिनाऐवजी मोटार, पाट तसाच वाहत होता. पाटाच्या खालच्या अंगाला मात्र मोकळी जागा होती. मामीनं तिथं पुन्हा काही लावलं नव्हतं. गवतही खुरपून टाकलेलं. पोरं बसण्यासाठी मामानं गावकुसाबाहेर, उन्हात, उघडी जागा नेमून दिली होती, आणि लोक म्हणत होते, म्हातारा सावली असून पोरांना उन्हात धाडतो. मी त्या मोकळ्या जागेवर उभी राहिले. पायाखाली तीच गार ओल होती. लहानपणी त्या ओलीसाठी मी काहीही दिलं असतं.

शेवटची काही वर्षं माय माझ्याकडे धुळ्यात होती. दृष्टी गेली होती, बोटं वाकडी झाली होती, डोकं मात्र चांगलं होतं. रविवारी मी तिची नखं काढायची. आता नेलकटर होतं. असाच वैशाख होता, आखाजी दोन दिवसांवर होती, गल्लीच्या तोंडाशी केळीवाला उभा होता. मी तिचा हात धरला आणि तिनं तो ओढून घेतला.

'थांब,' ती म्हणाली. 'पह्यले तिचे.'

इतक्या वर्षांत तिनं हे तोंडानं कधी म्हटलं नव्हतं. माझ्या अंगातून तिडीक गेली. पोरगी जाऊन जन्म लोटला, मी नातवंडांची आजी झाले, हिचं हगणं-मुतणं मी काढते, आणि पहिले तिचे!

'माय,' मी म्हणाले, 'केशर नाही आता.'

'मले ठावं हाये,' ती म्हणाली. 'म्हनूनच तं.'

ती हात मागं घेऊन बसून राहिली. शेवटी मी नेलकटर हवेत धरलं आणि दाबलं. टक्. पुन्हा टक्. दृष्टी नसलेले डोळे माझ्याकडे लावून माय ऐकत होती, ओठ हलवत मोजत होती. मी थांबले तशी म्हणाली,

'आंगठा राह्यला.'

मी अंगठाही कापला.

मायनं लांब श्वास सोडला. मला वाटलं आता तिचा हात देईल. पण तिनं माझाच हात चाचपडून शोधला, ओढून मांडीवर घेतला, नेलकटर माझ्या बोटांतून काढून घेतलं आणि आपल्या वाकड्या बोटांत धरलं.

'मंग लेक,' ती म्हणाली.

तिला दिसत नव्हतं. पहिल्याच नखाशी थोडं कातडं कापलं गेलं आणि रक्त आलं. मी हात मागं घेतला नाही.